काटा नॉर्मल म्हणतोय, पँट काही ऐकेना

मागच्या अंकात शुगरवर लिहिताना मी एक ओळ टाकली होती, की वजनकाट्याच्या आधी पोटाचा घेर मोजा, घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असला पाहिजे. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आलेत की बाकीचा लेख कुणी वाचला का नाही अशी शंका यायला लागलीय. असो. सगळ्यांना जागा देता येत नाही, त्यातले काही घेतलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं लिहितो.

लातूर, वय ४२ : सर नमस्कार, मी एका क्लासेसच्या ऑफिसात अकाउंटचं बघतो, दिवसभर बसूनच काम. उंची १७० सेंमी, वजन ६६. मोबाइलमधलं ॲप बीएमआय २२.८ दाखवतंय, हिरव्या रंगात नॉर्मल. पण उपाशीपोटी शुगर १०८ आली. टेपनं पोट मोजलं तर ९४ सेंमी. बायको म्हणते पोट सुटलंय, मी म्हणतो लग्नापासून पँट ३४ चीच लागायलीय. वडलांना शुगर होती. नेटवर तर पुरुषाला १०२ सेंमीपर्यंत चालतं असं लिहिलंय. नेमकं कुणाचं खरं धरू?

वहिनींचं धरा.

आधी पँटचा विषय मिटवू, कारण हा मुद्दा दर दुसरा पुरुष मांडतो. ३४ ची पँट इतकी वर्षं बसते कारण ती पोटावर नसतेच, पोटाच्या खाली असते. पोट जसजसं पुढं येतं तसतसा पट्टा खाली उतरत जातो आणि कंबरेच्या हाडावर जाऊन टेकतो, तिथं फारसं काही वाढत नाही म्हणून नंबर तोच राहतो. वर रेडीमेड पँटवर लिहिलेला नंबर आणि टेपनं मोजलेला नंबर जुळतोच असं पण नाही. त्यामुळं पँट हा पुरावा धरायचाच नाही.

आता ते हिरवं नॉर्मल. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हा हिशोब बेल्जियमच्या क्वेटेले नावाच्या गणितज्ञानं १८३० च्या दशकात मांडला, तो माणूस डॉक्टर नव्हता, त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते आकड्यात बसवायचं होतं. बीएमआय हे नाव तर १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी दिलं. हजारो लोकांचा अंदाज घ्यायला ठीक आहे, पण एकट्या माणसाचं सांगायला अपुरं पडतं. पोत्याचं वजन केलं पण आत सोयाबीन भरलंय का भुस्कट ते बघितलंच नाही, असं होतं ते.

आणि हे आपल्याच एका डॉक्टरनं दाखवून दिलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. म्हणजे तुमच्यापेक्षा पण कमी. मग दोघांच्या अंगातली चरबी मोजली, तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२ टक्के. दुप्पट आणि वर थोडी. दोघांचा फोटो आणि हे आकडे २००४ साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात छापून आले, फोटोत बघितलं तर दोघं सारखेच सडपातळ वाटतात. आपल्या लोकांचं हेच आहे, हातपाय काडीसारखे, वजन माफक आणि जी काही चरबी आहे ती पोटात.

पोटात म्हणजे कातडीखाली चिमटीत येते ती नाही बरं का, ती तशी फार त्रास देत नाही. आतड्यांच्या आजूबाजूला, आतमध्ये जी साठते ती खरी डोकेदुखी. तिच्यातून सुटणारी चरबी थेट लिव्हरकडं जाते, लिव्हर फॅटी होतं, इन्सुलिनचं, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनचं, ऐकेनासं होतं, मग रात्री तुम्ही झोपलेला असताना पण ते साखर सोडत राहतं. सकाळी उपाशीपोटी १०८ येते ती अशी.

नेटवरचा १०२ चा आकडा खोटा नाही, पण तो अमेरिकन माणसासाठी आहे. युरोपात पुरुषांना ९४ धरतात. आपल्याकडं पुरुषाला ९० आणि बाईला ८०, कारण आपल्याला कमी घेरातच शुगर आणि हार्टचा त्रास सुरू होतो. बीएमआयचं पण तसंच, बाहेर २५ पासून जास्त म्हणतात, आपल्याकडं २३ पासून. म्हणजे ॲपमधलं हिरवं तुमच्यापुरतं जेमतेम दोन दशांशानं हिरवं आहे.

आणखी एक हिशोब करून दाखवतो, चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेनं २००५ साली काढलेला, भारतीय माणसाला शुगरचा धोका किती ते सांगणारा. चारच गोष्टी विचारतात. वय ३५ ते ४९, तुमचे २० गुण. घेर पुरुषाला ९० ते ९९, त्याचे १०. बैठं काम आणि व्यायाम पण नाही, ३०. आईवडलांपैकी एकाला शुगर, १०. झाले ७०. साठ किंवा त्याच्या वर गेलं की धोका जास्त समजतात. वजन यात विचारलेलंच नाही हे लक्षात घ्या. यातलं वय आणि वडील बदलता येत नाहीत. रोज व्यायाम सुरू केला तर ३० चे २० होतात, घेर ९० च्या आत आणला तर १० चे शून्य. ७० चे ५० झाले.

१०८ ला आपल्याकडं ‘बॉर्डरवर आहे’ म्हणतात आणि सोडून देतात. सोडू नका, एचबीएवनसी (मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि बीपी करून घ्या आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडं जा, नेटकडं नको.

जालना, शिवणकाम करते : टेप माझ्या गळ्यातच असतो दिवसभर. आम्ही कंबर म्हणजे सगळ्यात बारीक जागा धरतो, तिथं माप घेऊन दोन बोटं ढील देतो. तुम्ही नेमकं कुठं मोजा म्हणताय? बेंबीवर का जिथं परकराची नाडी बांधतो तिथं?

ताई, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण चुकतं ते इथंच.

नाडीच्या जागेवर नाही. ती जागा खाली असते आणि वर्षानुवर्षं नाडी आवळून तिथं खाच पडलेली असते, माप कमी येणार. बारीक जागा पण नको, कारण पोट सुटलेल्या माणसाला बारीक जागाच उरत नाही, मग तुम्ही कुठं धरणार? बेंबी सोपी आहे पण पोट लोंबायला लागलं की बेंबी पण खाली जाते. म्हणून हाडं धरायची, हाडं कुठं जात नाहीत. बगलेच्या रेषेत बोटं दाबत दाबत खाली या, शेवटची बरगडी संपते ती जागा हाताला लागते. मग कंबरेवर हात ठेवून उभं राहतो ना आपण भांडायला, तिथं अंगठ्याखाली हाड लागतं, ती दुसरी जागा. दोन्हीच्या बरोबर मध्ये पेनानं बारीक खूण करा, दोन्ही बाजूला. टेप त्या खुणांवरून फिरवायचा.

बाकी तुम्हाला माप घ्यायला काय शिकवायचं, पण दोनतीन सवयी मोडाव्या लागतील. ढील द्यायची नाही आणि आवळायचं पण नाही, टेप कातडीला टेकला पाहिजे, रुतला नाही पाहिजे. कपड्यावरून नको. टेप पाठीमागं खाली घसरतो, म्हणून आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा, सगळीकडून जमिनीला समांतर पाहिजे. पाय थोडे फाकवून उभं राहायचं, श्वास साधा सोडायचा आणि सोडून झाला की आकडा वाचायचा. सकाळी, पोट साफ झाल्यावर, खाण्याआधी. दोनदा मोजा, दोन मापात सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आणि तुमचा तो गळ्यातला टेप किती जुना आहे? कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो. एकदा लोखंडी टेपशेजारी धरून बघा. ब्लाऊजला अर्धा सेंटीमीटर इकडंतिकडं चालतो, इथं पण चालतो म्हणा, पण दोनतीनचा फरक पडला तर घोळ होतो.

टेपच नसेल तर साधी सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढी तोडा, मधोमध दुमडा आणि ती दुमडलेली सुतळी पोटाभोवती फिरवा. टोकाला टोक मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त आहे. यात आकडा पण वाचावा लागत नाही. ही निम्म्याची गोष्ट इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सल्ल्यात २०२२ पासून अधिकृत आहे, घेर भागिले उंची ०.५ च्या आत चांगलं, ०.५ ते ०.५९ धोका वाढलेला, ०.६ च्या वर जास्त धोका. बाई-पुरुष, बुटका-उंच सगळ्यांना एकच नियम, म्हणून मला हा आवडतो.

कुल्ल्यांचं माप घेऊन कंबर भागिले कुल्ले असा पण एक हिशोब आहे, पुरुषाला ०.९० आणि बाईला ०.८५ च्या वर नको. वाईट नाही तो, २००५ साली ५२ देशांतल्या २७ हजार लोकांच्या अभ्यासात हार्ट ॲटॅकचा अंदाज बीएमआयपेक्षा त्यावरून चांगला लागला होता. पण दोन मापं म्हणजे दोन ठिकाणी चुकायची सोय. तुम्हाला सवय आहे, तुम्ही करा.

छत्रपती संभाजीनगर, वय २७ : जिम करतो, उंची १७६, वजन ८४, पोटाचा घेर ८२. घरी स्मार्ट काटा घेतला तर तो मेटाबॉलिक एज, म्हणजे शरीराचं वय, ३८ दाखवतोय, बीएमआय २७ म्हणून लाल. टेन्शन आलंय.

टेन्शन सोडा. उंचीचं निम्मं ८८, घेर ८२, बीपी-शुगर एकदा बघितली असेल आणि ठीक असेल तर विषय संपला. ते काटे तळपायातून बारीक करंट सोडून अंदाज काढतात, पाणी कमी प्यायलं, जास्त प्यायलं, व्यायाम करून घामाघूम चढलात तरी आकडा हलतो. मेटाबॉलिक एज हा कंपनीचा स्वतःचा हिशोब, त्यावर कुठला डॉक्टर औषध देत नाही. काटा चांगला आहे, वजन बघायला वापरा.

परभणी जिल्हा, वय ३६ : आमच्याकडं आशाताई आल्या होत्या, टेपनं कंबर मोजली, ८८ म्हणाल्या आणि फॉर्मवर लिहून घेतलं. तंबाखू खाता का, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असं बरंच विचारलं. शेजारच्या बाया हसायलेत, म्हणे कंबर मोजून काय सरकार साड्या वाटणारंय का. मला काही त्रास नाही. माझी उंची १५० आहे, वजन ५८. दवाखान्यात जायलाच पाहिजे का?

जा ताई. आणि हसणाऱ्या बायांना पण घेऊन जा.

तो फॉर्म तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा भरायचा असतो. घेराला त्यात गुण असतात, बाईला ८० पर्यंत शून्य, ८१ ते ९० ला एक, ९० च्या वर दोन. पुरुषाला तेच ९० आणि १०० ला. वय, तंबाखू, दारू, हालचाल, घरातला आजार यांचे गुण धरून बेरीज ४ च्या वर गेली की तपासणीला आधी बोलवतात. पण बेरीज कमी आली म्हणजे जायचंच नाही असं नाही, तपासणी तिशीपुढं सगळ्यांनाच आहे, उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात, बीपी आणि शुगर फुकट बघतात आणि तोंडाची, स्तनाची, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी पण त्यातच येते. त्रास नाही म्हणून जात नाही हे मी रोज ऐकतो. शुगर आणि बीपी सुरुवातीला त्रास देतच नाहीत, देतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

तुमचं ८८ हे एकट्या तुमचं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदाच घराघरात कंबर मोजली गेली, तेव्हा देशातल्या ४० टक्के बायकांचा घेर मर्यादेच्या वर निघाला आणि पुरुष फक्त १२ टक्के. बाईची मर्यादा ८० आहे आणि पुरुषाची ९० हे त्यामागचं एक कारण आहेच, पण तेवढंच नाही. आपल्याकडं बाई बाळंतीण झाली की डिंकाचे लाडू, तूप, झोप आणि ‘वाकू नको उचलू नको’, ते एक वजन कधी उतरत नाही तोवर दुसरं बाळंतपण. मग घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं संपवायचं काम पण तिचंच. कामाचं म्हणाल तर घरकाम भरपूर असतं, पण बरंचसं उभ्याउभ्या, ओट्यापाशी. त्यानं कंटाळा येतो, दम लागत नाही. दम लागेल असं चालणं आठवड्याला १५० मिनिटं, फॉर्ममध्ये पण तोच आकडा आहे. संध्याकाळी त्याच हसणाऱ्या बायांना घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत झपाझप जाऊन आलात तरी सुरुवात होते.

नांदेड : मुलगी १३ वर्षांची, मान काळी पडलीय, काखेत पण. हळद, दही, लिंबू, सोडा सगळं घासून झालं. नातेवाईक म्हणतात नीट अंघोळ करत नाही. तुम्ही घेराचं लिहिलं म्हणून मोजला, ८१ आला, उंची १५२.

ताई, घासणं आजपासून बंद. तो मळ नाही. मखमलीसारखी जाड, काळसर कातडी मानेच्या मागं, काखेत दिसली की बऱ्याचदा त्याचा अर्थ अंगात इन्सुलिन जास्त फिरतंय असा असतो. इन्सुलिनचं काम होत नाही म्हणून शरीर आणखी बनवतं आणि ते जास्तीचं इन्सुलिन कातडी वाढवतं. लिंबू-सोड्यानं फक्त आग होते, कातडी सोलवटते.

लहान मुलांना ८०-९० चे आकडे लावायचे नसतात आणि मोठ्यांचा बीएमआय पण नाही, त्यांचे तक्ते वयाप्रमाणं वेगळे असतात. निम्म्याचा नियम मात्र पाच वर्षांपुढच्या मुलांना पण चालतो, तिचं निम्मं ७६ होतं म्हणजे घेर वर आहे. बालरोगतज्ज्ञाला दाखवा, शुगर बघतील, लिव्हर बघतील, पाळी सुरू झाली असेल आणि अनियमित असेल तर तेही सांगा. डाएट म्हणून तिचं जेवण तोडू नका, वाढीचं वय आहे. बाटलीतली कोल्ड्रिंक, पाच-दहा रुपयांची पाकिटं घरात आणायची बंद करा, सगळ्यांसाठी, एकटीसाठी नाही. आणि पाहुण्यांसमोर तिच्या मानेवर बोलणाऱ्याला आधी तुम्ही गप्प करा, हे औषधाइतकंच गरजेचं आहे.

हिंगोली : सासूबाई ६२ वर्षांच्या, ४५ किलो, उंची १४८. हातपाय वाळलेत, पोट तेवढं पुढं, घेर ७९. त्या म्हणतात मी वाळलेली, मला कशाची शुगर, शुगर जाड्या माणसाला होते.

जेवल्यावर रक्तातली साखर उचलून साठवायचं मोठं काम स्नायू करतात, म्हणजे मांड्या, दंड, पोटऱ्या. ते वाळले की साखर ठेवायला जागाच कमी. त्यात पोटात चरबी. बीएमआय २०.५ येतो, कुठलंही ॲप शाबासकी देईल, पण घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे ७४ पेक्षा, पाचनं जास्त आहे. शुगर तपासाच. फक्त एचबीएवनसीवर थांबू नका, अंगात रक्त कमी असेल तर तो आकडा फसवतो, उपाशीपोटीची आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची पण करा.

त्यांचं वजन अजिबात कमी करायचं नाही. उलट दोन्ही जेवणात वरण घट्ट, दही, शेंगदाण्याची चटणी, चालत असेल तर अंडं. रोज खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहाबारा वेळा उठ-बस. आणि वजन अलीकडं काही कारण नसताना उतरलं असेल तर शुगरबरोबर टीबीची पण तपासणी करा, थांबू नका.

बीड जिल्हा, वय ५४, शेतकरी : डॉक्टर साहेब, पहिलं बैलावर शेती होती, आता ट्रॅक्टर हाय, रानात जायला गाडी. खाणं तेच, ज्वारीची भाकर, पिठलं, ठेचा. कमरेचा करदोडा घट्ट व्हायलाय, नवीन बांधला की परत रुतायलाय. पोरानं टेप लावला तर पोट १०१ भरलं, उंची १६५. बीपी १३८-८८. ट्रायग्लिसराइड २१०, शुगर उपाशी १०४. गोळ्या लागतील का? आणि टीव्हीवर घाम आणायचा पट्टा दाखवायलेत, तो आणू का?

बाप्पा, तो पट्टा आणू नका. घाम गेला म्हणजे पाणी गेलं, तांब्याभर प्यायलात की परत आलं. पोटावर पट्टा बांधून पोटाचीच चरबी जाते असं शरीरात कुठं होत नाही.

करदोड्याचं तुम्ही बरोबर पकडलंय. तो पोटाच्या खाली असतो म्हणून डॉक्टरी मापाला चालत नाही, पण तो पण रुतायला लागला म्हणजे वर किती वाढलं असेल बघा. तुमच्या उंचीचं निम्मं साडेब्याऐंशी, घेर १०१, म्हणजे भागाकार ०.६१. हा जास्त धोक्याचा गट. डॉक्टर लोक पाच गोष्टी बघतात : घेर पुरुषाला ९० आणि बाईला ८० च्या वर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १५० च्या वर, चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषाला ४० च्या खाली आणि बाईला ५० च्या खाली, बीपी १३०-८५ च्या वर, उपाशी शुगर १०० च्या वर. पाचातल्या तीन आल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमच्या चार आत्ताच आहेत, पाचवी तुम्ही लिहिलीच नाही.

गोळ्यांचं तुमचे डॉक्टर तपासून ठरवतील, बीपी एकदा घेऊन ठरत नाही, शांत बसून, वेगवेगळ्या दिवशी घ्यावं लागतं. पण एक सांगतो, खाणं तेच आहे हाच तर प्रश्न आहे. बैलामागं दिवसभर चालणाऱ्या माणसाच्या चार भाकरी ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला जास्त होतात, मग त्या ज्वारीच्या असल्या तरी. ज्वारी गव्हा-तांदळापेक्षा चांगली, मी पण खातो, पण चारच्या दोन करा आणि जागा भाजीनं भरा, पालक, मेथी, शेपू, वांगं, काकडी, आणि डाळ जास्त. रानात, बाजारात, सोयऱ्याकडं मिळून दिवसाला किती चहा होतात ते एक दिवस मोजा, प्रत्येकात दोन चमचे साखर. संध्याकाळची ‘थोडीशी’ असेल तर ती पण मोजा, दारूनं ट्रायग्लिसराइड वाढतं.

गाडी रानाच्या अलीकडं एखाद्या किलोमीटरवर लावा आणि चालत जा. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, पंधरा मिनिटं बांधावरून चक्कर मारा, त्या वेळची शुगर त्यानं खाली राहते. वजन लगेच हललं नाही तरी सोडायचं नाही, कारण भारतातच २००६ साली छापलेला एक अभ्यास आहे, बॉर्डरवरच्या लोकांना फक्त खाणं आणि चालणं सांगितलं, त्यांचं वजन म्हणावं तसं कमी झालंच नाही तरी शुगर होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. म्हणून काट्याकडं बघून नाराज होऊ नका, महिन्यातून एकदा घेर मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. रोज मोजू नका, रोज मोजणारा आठवड्यात कंटाळतो. पहिले चार सेंटीमीटर उतरले की मला कळवा.

धाराशिव : मी सहावा महिना संपत आलेली गरोदर आहे, मी घेर मोजू का?

नको ताई, गरोदरपणात घेराचा, बीएमआयचा काही अर्थ लागत नाही. तुमच्यासाठी टेस्ट वेगळी आहे, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात पिऊन दोन तासांनी रक्त, उपाशी असायची पण गरज नाही, १४० किंवा वर आली तर गरोदरपणातली शुगर समजतात. ती एकदा पहिल्या तपासणीला आणि दुसऱ्यांदा २४ ते २८ आठवड्यांत करतात, म्हणजे तुमची वेळ आत्ताच आहे, पुढच्या तपासणीला आठवणीनं विचारा. याज्ञिक सरांनीच १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केलाय, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांमध्ये कमी पडलं होतं ते स्नायूंचं वजन, चरबी त्या मानानं टिकून होती. म्हणजे पोटाची ही गोष्ट पोटात असल्यापासून सुरू होते. दोन जीवांचं म्हणून दुप्पट भात खाण्यापेक्षा डाळ, दूध, पालेभाजी, फळं वाढवा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. आणि टेस्टमध्ये शुगर निघाली तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत टेस्ट असते, शेक-शेगडी आणि बारशाच्या गडबडीत ती हमखास राहते, ती तारीख आजच नवऱ्याच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.